चार वाजताचा काढा

पहिल्या दिवशी केरबानं तो काढा घोटभर तोंडात घेतला आणि सोप्यातच फरशीवर थुंकला. दुसऱ्या दिवशी पेलाच भिरकावला. स्टीलचा पेला सुनेच्या कानाजवळून गेला, भिंतीवर आपटला आणि घरंगळत उंबऱ्यापाशी जाऊन थांबला. हिरवट पाणी भिंतीवरून ओघळत राहिलं.

"म्हशीची वैरण उकळून देतीस व्हय मला?" केरबा ओरडला. "च्या मागितला की च्या द्यायचा. जास्तीचं श्यानपण करायचं न्हाय."

"मामा, चहा बंद करायला डॉक्टरांनीच सांगितलंय," स्वप्नाली म्हणाली.

"त्या डॉक्टरला म्हणावं, हे पानी तुज्या बापाला पाज."

स्वप्नालीनं फडकं आणून भिंत पुसली. राग गिळत तिनं उंबऱ्यापाशी पडलेला पेला उचलला.

उचगावात हे घर केरबानं स्वतः बांधलेलं. पस्तीस वर्षं तो फौंड्रीत मोल्डर होता. रिटायर झाल्यावर सोप्यातल्या खुर्चीत बसायचा आणि जो दिसेल त्याला शिव्या घालायचा. दूधवाला, मीटर बघायला येणारा माणूस, रस्त्यानं चाललेली शाळेची रिक्षा, कुणाचीच सुटका नव्हती. फौंड्रीतल्या आवाजात बोलून बोलून घसा मोठा झालाय, असं त्याचा मुलगा सम्राट म्हणायचा. सम्राट मवाळ माणूस. एमआयडीसीत सुपरवायझर होता, सकाळी आठला बाहेर पडायचा आणि संध्याकाळी सातला यायचा. बापाचा आवाज चढला की तो मोबाईल घेऊन गच्चीवर जायचा.

उन्हाळ्यात केरबाचं ब्लडप्रेशर एकशेनव्वदवर गेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तंबाखू बंद, दिवसाचे आठ कप चहा बंद आणि डोकं शांत ठेवा, असं बजावलं. पहिल्या दोन गोष्टी घरच्यांनी जबरदस्तीनं करून घेतल्या. तिसरी कुणाच्याच हातात नव्हती.

स्वप्नालीचं डी. फार्म. झालेलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. शाहूपुरीतल्या एका मेडिकल दुकानात ती दुपारी दोन ते नऊ कामाला जायची आणि दीडला घर सोडायची. दुकानात येणाऱ्या एका वयस्कर वैद्यबाईंनी तिला हा काढा सांगितला होता. परसात धुण्याच्या दगडामागं गवती चहाचं बेट होतंच. त्याची चार पाती घ्यायची, गाठ मारायची. पाच-सात तुळशीची पानं, चमचाभर बडीशेप जरा ठेचून, ज्येष्ठमधाची बोटाच्या पेराएवढी कांडी आणि जटामांसी अगदी चिमूटभर. दीड पेला पाण्याला उकळी आली की गॅस बंद करायचा, मगच हे सगळं घालायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. "उकळत ठेवू नकोस पोरी," वैद्यबाई म्हणाल्या होत्या, "वास उडाला की गुण उडाला." स्वप्नाली तसंच करायची. स्वयंपाकघरभर गोडसर वास सुटायचा, आणि तो वास सोप्यापर्यंत गेला की तिकडून पहिली शिवी यायची.

तिची सासू धोंडुबाई हे सगळं बघत असायची. ती सहासष्ट वर्षांची होती, चार महिन्यांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. गल्लीत कुणी तिचा चढलेला आवाज ऐकलेला नव्हता. दात गेल्यामुळे पान खलबत्त्यात कुटून खायची, आणि तेवढा टकटक आवाज काय तो तिचा.

आठवडाभर काढा फरशीवर, भिंतीवर नाहीतर परसात जात राहिला. मग एका दुपारी स्वप्नाली निघायच्या गडबडीत असताना धोंडुबाई म्हणाली, "तू करून थर्मासात भरून ठेवत जा. चार वाजता मी देती. तुज्या हातचं म्हटलं की त्येंचं डोस्कं फिरतंय."

स्वप्नालीला ते पटलं. त्या दिवशी ती लहान थर्मास भरून कट्ट्यावर ठेवून गेली.

आणि गुण आला. घरी परतली तेव्हा घर शांत होतं. सम्राट आईशेजारी बसून जेवत होता. "आबा साडेचारपास्नं घोरत पडल्यात," तो हलक्या आवाजात म्हणाला. "उठले, जेवले, परत आडवे. एक शिवी न्हाय." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठवड्यात केरबा स्वतःच चार वाजता विचारायला लागला, "ते पानी कुटं हाय?"

सम्राट बायकोवर खूश झाला. गल्लीत बातमी फिरली. शेजारची नजीराभाभी भिंतीवरून वाकून म्हणाली, "माज्या मालकालाबी दे की गं करून. शिलाईचं काम वाढलं की माणूस नुसता चावायला उठतोय." नजीराचा नवरा शमशुद्दीन टेलर होता. स्वप्नालीनं कौतुकानं सगळं लिहून दिलं, जटामांसीची पुडीही दिली.

पंधरा दिवसांनी नजीरानं हसत हसत तक्रार केली. "चांगलं लागतंय, पोट हलकं होतंय, पण झोप कुटली? आमचा माणूस पितोय आन परत मशीनवर बसून वरडतोय. तुज्या सासऱ्याला एवढा कसा लागू पडला?"

स्वप्नालीला आणखी एक गोष्ट खटकत होती. गुरुवारी तिची सुट्टी असायची. त्या दिवशी काढा तीच करायची आणि तीच द्यायची, आणि त्या दिवशी केरबा पूर्वीसारखाच तोंड सोडायचा. प्रत्येक दिवस सारखा नसतो, असं म्हणून तिनं तो विचार बाजूला सारला. त्याचा तिला पुढं फार पस्तावा झाला.

तो रविवार होता. साडेतीनला दुकानात तिचा फोन वाजला. नजीराचा आवाज घाबराघुबरा होता. केरबा खुर्चीतून उठताना तोल जाऊन सोप्याच्या पायरीवरून अंगणात कोसळला होता. धडपडल्याचा आवाज ऐकून नजीरा आणि शमशुद्दीन धावले, आणि रिक्षात घालून त्याला दवाखान्यात घेऊन गेले. घरात दुसरं कुणीच नव्हतं.

स्वप्नाली पोचली तेव्हा सम्राट ओव्हरटाइम सोडून आला होता. शाहूपुरीत दिलेली त्याची थोरली बहीण क्रांतीही आली होती. केरबाच्या कपाळाला सात टाके पडले होते आणि उजवं मनगट मोडलं होतं. तो डोळे उघडायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि परत मिटायचा.

सहा वाजता धोंडुबाई आली. तिचं कपाळ गुलालानं भरलं होतं.

"आई, तू कुटं गेलतीस?" क्रांतीनं विचारलं.

"जोतिबाला. बायकांची जीप निघालती."

"आबांनी सोडलं?"

"झोपले हुते," धोंडुबाई म्हणाली आणि बाकड्यावर बसून गुडघा चोळायला लागली.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. "आजोबा झोपेची गोळी कोणती घेतात?" त्यांनी विचारलं.

"कुठलीच नाही," सम्राट म्हणाला.

"नीट आठवा. नुसत्या माराची ही गुंगी वाटत नाही. पडायच्या आधीपासूनच ते गुंगीत असावेत. आम्ही लघवी तपासायला पाठवतोय."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. केरबाच्या अंगात झोपेचं औषध सापडलं होतं.

क्रांती कागद वाचून वळली आणि स्वप्नालीकडे बघायला लागली. "ह्या घरात गोळ्यांतलं कुणाला कळतं?" ती म्हणाली. "मेडिकलात कोण काम करतं? आन रोज माज्या बापाला काढा कोण पाजतं?"

"वन्सं, मी असलं काही घातलेलं नाही."

"मग काय तुळशीत गोळी उगवली?"

वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. खाटेवरून केरबाचा घोगरा आवाज आला. "मी पयल्या दिवसापास्नं सांगतोय, ही बाई मला इख घालती म्हणून. माजं कोण ऐकतंय?"

स्वप्नालीनं सम्राटकडे पाहिलं. तो खाली बघत होता. दवाखान्याच्या जिन्यात त्यानं तिला गाठलं आणि विचारलं, "तू खरंच काही घातलं नव्हतंस ना? म्हणजे... त्यांना आराम पडावा म्हणून?"

क्रांतीनं चारचौघांत केलेला आरोप तिला एवढा लागला नव्हता. ती तशीच जिना उतरून गेली.

त्याच दुपारी ती कामावर गेली तेव्हा क्रांती तिच्या आधी तिथं येऊन गेली होती. दुकानाचे मालक कृष्णात शेठ गोळ्यांचा स्टॉक स्वतः मोजत बसले होते. मोजून झालं. एकही गोळी कमी नव्हती. तरी ते चष्मा पुसत म्हणाले, "मला खात्री हाय तुजी. पण तुजी नणंद गिऱ्हाइकांसमोर बोलून गेली. चार-आठ दिवस घरी ऱ्हा."

रिक्षात बसून ती परत उचगावला आली. वाटेत तिनं एकेक गोष्ट परत मनात मांडली. काढा ती करत होती. थर्मास ती भरत होती. पण पेल्यात ओतत ती नव्हती. गुरुवारी ओतायची, आणि गुरुवारी केरबाला झोप यायची नाही. आणि घरात झोपेच्या गोळ्या आणल्या होत्या, त्याही तिनंच. गुडघा दुखून झोप येत नसेल तेव्हाच अर्धी घ्या, असं सांगून डॉक्टरांनी धोंडुबाईला लिहून दिलेली दहा गोळ्यांची पट्टी. धोंडुबाईनं एकसुद्धा घेतली नव्हती. कडू असत्यात म्हणाली होती.

घरी आली तेव्हा धोंडुबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत होती. केरबाला अजून सोडलेलं नव्हतं.

"आत्या, तुमच्या गुडघ्याच्या वेळच्या गोळ्या कुठं हायत?"

"संपल्या."

"तुम्ही तर एकही घेतली नव्हती."

धोंडुबाईनं एक पाकळी सोलून वाटीत टाकली. "म्हाईत हाय तर इचारतीस कशाला?"

स्वप्नाली भिंतीला टेकली. खात्री असणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

"अर्धी देत हुते," धोंडुबाई हवापाण्याचं बोलावं तशी बोलत राहिली. "खलबत्त्यात बारीक करून. तुज्या जेष्ठमधानं कडू कळत न्हाय. काल जोतिबाला जायाचं हुतं, म्हणून दोनलाच दिली आन अख्खी दिली. अकरा वर्षं झाली, मला डोंगर चढू दिला न्हवता त्येनं."

"माणूस मेला असता आत्या! त्यांचं वय काय, ब्लडप्रेशर किती!"

"न्हाय मेला."

ती हे हायसं वाटून म्हणाली की तक्रार म्हणून, ते स्वप्नालीला कळलं नाही.

"आणि तिकडं मला विष घालणारी म्हणत होते, तेव्हा तुम्ही बाकड्यावर गप्प बसून होता."

"मग काय करू? तुजी बाजू घिऊ? तू कोण माजी?" धोंडुबाईनं पहिल्यांदा मान वर केली. "तू दीडला भाईर पडतीस. सम्राट सातला येतोय. मधलं ह्या घरात कोण असतंय? मी आन त्यो. चव्वेचाळीस वर्षं. भात कच्चा ऱ्हायला म्हणून ताट फेकायचं, भात गिच्च झाला म्हणून ताट फेकायचं. माजा भाऊ गेला तवा माती देऊन यायला घटकाभर उशीर झाला, तर दार लावून घेतलं. सारी सांज पायरीवर बसवली मला. सारी गल्ली बघत हुती."

"मग सम्राटला सांगायचं. मला सांगायचं."

"सम्राटला कान न्हायत? त्येला पाळण्यापास्नं ऐकू येतंय. तुला तीन वर्षं झाली ऐकू येऊन. काय केलंस तू? गवत उकळलंस."

स्वप्नालीला त्या बाईची कीव यायला हवी होती, पण आता आली ती फक्त चीड. आणि चिडीच्या खाली काहीतरी टोचत राहिलं, कारण ते शेवटचं वाक्य खोटं नव्हतं.

"बुधवारी मामांना घरी आणणार," ती शेवटी म्हणाली. "वन्सं येतील. तुम्ही तोंडानं सांगितलं नाही तर मी सांगणार."

"सांग. कोण ऐकंल तुजं?" धोंडुबाई म्हणाली आणि पुढची पाकळी उचलली.

बुधवारी सकाळी केरबाला आणलं. हात प्लॅस्टरमध्ये, कपाळाला पट्टी. तो आपल्या खुर्चीत बसला. सम्राट खांबाला टेकून उभा राहिला. धोंडुबाई आतल्या दारात खाली बसली. क्रांती मात्र बसली नाही. स्वप्नालीनं नजीराला मुद्दाम बोलावलं होतं. ते बघून क्रांती म्हणाली, "घरातल्या गोष्टीत भाईरची माणसं कशाला?"

"भाईरच्या माणसांनीच उचलून नेलं त्यांना," नजीरा म्हणाली आणि तिथंच थांबली.

क्रांतीनं पिशवीतून कोरा कागद काढला. "हितं लिहून द्यायचं, मी काढ्यात गोळ्या घालत हुते म्हणून. सही करायची आन माहेरी जायाचं. पोलिसात जात न्हाय ते सम्राटच्या तोंडाकडं बघून."

"मी लिहून देणार नाही," स्वप्नाली म्हणाली. "काढा मी करते, थर्मास मी भरते. नजीराभाभीला तोच काढा लिहून दिलाय, तिचा नवरा रोज पितो, त्याला कधी गुंगी आली नाही. मी दीडला घराबाहेर असते. चार वाजता तो पेल्यात कोण ओततं, ते विचारा. आत्यांना गुडघ्याच्या वेळी दिलेल्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी मी आणली होती. ती कुठं गेली, ते विचारा."

सम्राटनं खांबावरची पाठ काढली.

"आई," क्रांती म्हणाली, "ही काय बोलती?"

"खोटं बोलती," धोंडुबाई म्हणाली.

"ऐकलंस?" क्रांती स्वप्नालीवर धावून आली. "लाज वाटती का? गुडघ्यानं लंगडणाऱ्या म्हाताऱ्या बाईवर घालतीस?"

आणि तेव्हा केरबा हसला. टाक्यांमुळं त्याला धड हसता येत नव्हतं, तरी हसला. "हिच्यावर?" तो डाव्या हातानं बायकोकडं बोट दाखवत म्हणाला. "आगं, हिला च्याचं आधण ठिवायची अक्कल न्हाय. चव्वेचाळीस वर्षं मी हिला वळण लावतोय, अजून मिठाचा अंदाज न्हाय. ही गोळी वाटून देणार? हिच्यात तेवढा दम असता तर काय पायजे हुतं! हे मातीचं ढेकूळ हाय. कुटं ठिवलं तितं बसतंय."

धोंडुबाई उठली. गुडघ्यामुळं तिला चौकटीला धरून उठावं लागलं. ती तीन पावलं पुढं आली आणि खुर्चीसमोर उभी राहिली.

"मीच दिली," ती म्हणाली.

"आई!" क्रांती ओरडली.

"तू गप." धोंडुबाईची नजर नवऱ्यावरच होती. "एकोणीस वेळा दिली. हितंच, ह्या खुर्चीसमोर, तुमच्या डोळ्यादेखत पेल्यात ढवळली. तुमी म्हणाला, साखर कमी हाय का गं? मी म्हटलं, डॉक्टरनं सांगितलंय. आन तुमी पिला. एकोणीस वेळा पिला. ढेकळाच्या हातनं."

केरबाचं तोंड उघडं राहिलं. शिवी यायला हवी होती, सगळे तिची वाटच बघत होते. त्याचा डावा हात उठला, पण तो मारायला नव्हता. त्यानं तो आपल्या छातीसमोर धरला, जणू समोरून काहीतरी अंगावर येतंय. खुर्ची मागं सरकली आणि भिंतीला लागली.

उभ्या गल्लीनं ज्याला भ्यायचं, तो माणूस बायकोला भ्याला. ते सगळ्यांनी बघितलं. धोंडुबाईनंही बघितलं.

नजीरा हळूच बाहेर पडली. सम्राट पायरीवर जाऊन डोकं धरून बसला. क्रांतीच्या हातात कागद तसाच होता. ती स्वप्नालीला म्हणाली, "तूच शिकवलं असशील तिला. न्हायतर आईला कळणार कसं?"

"वन्सं," स्वप्नाली म्हणाली, "दुकानात जाऊन जे बोलून आलाय, ते तिथंच जाऊन खोटं होतं म्हणून सांगा. बाकी मला तुमच्याशी बोलायचं नाही."

क्रांती गेली नाही, पुढंही कधी गेली नाही. दुसऱ्या दिवशी सम्राट रजा टाकून गेला. दोन गिऱ्हाइकं उभी असताना त्यानं कृष्णात शेठना मोठ्यानं सांगितलं, की माझ्या बायकोची यात काही चूक नव्हती आणि आम्ही तिला उगीच बदनाम केलं. घरी येऊन त्यानं बायकोची माफी मागितली. "जिन्यात विचारलंस ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण दुकानात बोललास तेही लक्षात ठेवीन."

केरबाला क्रांतीनं आपल्या घरी नेलं. अकराव्या दिवशी तिचा नवरा विजयसिंह त्याला रिक्षातून परत घेऊन आला. केरबानं जावयाला शिव्या घातल्या होत्या, जावयाच्या आईला घातल्या होत्या आणि क्रांतीनं दिलेला प्रत्येक घास आधी तिला खायला लावला होता. विजयसिंहनं पिशवी पायरीवर ठेवली आणि पाणीही न पिता निघून गेला.

स्वप्नालीनं तोवर शाहूपुरीत, दुकानाच्या मागच्या बोळात दोन खोल्या बघितल्या होत्या. निघायच्या दिवशी टेम्पोत सामान भरून झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. 'गवत उकळलंस' या सासूच्या शब्दांनी तिला झोप लागू दिली नव्हती.

"आत्या, तुम्ही चला आमच्याबरोबर," ती म्हणाली. "मला तुमची माया आलीय म्हणून म्हणत नाही. तुम्ही माझ्याशी जे केलं, ते केलंच. पण इथं राहायची तुमच्यावर सक्ती नाही."

धोंडुबाईनं तिच्याकडे नीट बघून घेतलं. "तुज्या घरात येऊन कोपऱ्यात बसू?" ती म्हणाली. "आता त्येला माजं भ्या वाटतंय. आता कशाला जाऊ मी?"

महिन्यानं नजीरा दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आली. गर्दी कमी होती, तेव्हा काउंटरवर वाकून म्हणाली, "तुज्या सासूचा आवाज आता आमच्या पत्र्यापतोर येतोय."

"रडतायत?"

"न्हाय गं. वरडती त्येंच्यावर. पाय आत घ्या, खुर्ची तिकडं न्या, किती वेळा सांगायचं. सकाळपास्नं सुरू. त्यो खानावळीचा डबा खातोय, उघडून आधी वास घेतोय. पाणीबी डाव्या हातानं स्वतःच काढून घेतोय. एक शब्द बोलत न्हाय." नजीरानं पैसे काउंटरवर ठेवले. "आधी मला बरं वाटलं बग. आता न्हाय वाटत."

स्वप्नालीनं बाटली कागदात गुंडाळून दिली. रात्री तिनं ते सम्राटला सांगितलं. रविवारी तो एकटा उचगावला जाऊन आला आणि बूट न काढताच दाराशी बसला.

"मामा काय म्हणाले?"

"मला हितनं न्हे म्हणाले." सम्राट नाड्या सोडायला लागला आणि अर्ध्यातच थांबला. "आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं काही मागितलं त्यांनी."

"मग आणलं का नाहीस?"

"आई दारात उभी होती."

"काय म्हणाली?"

"काही नाही. हसत होती."

स्वप्नाली त्याच्याशेजारी खाली बसली. खाली बोळात कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. केरबाला आपल्या घरात आणायची तिची मुळीच इच्छा नव्हती. धोंडुबाईसमोर परत उभं राहायचीही नव्हती.

"गुरुवारी माझी सुट्टी आहे," ती म्हणाली. "तू अर्धा दिवस रजा टाक. दोघं जाऊ."

सम्राटनं मान हलवली. कुणासाठी जायचं, ते त्यानं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं.